दुसरी मात्रा तुमची

शरयूताई, तुमच्या शेवटच्या गुरुवारी मी ताप आल्याची थाप मारली आणि घरी बसून क्रिकेट बघितलं.

मॅचसुद्धा नाही, हायलाइट्स. निकाल मला सकाळपासून माहीत होता. बाहेर इथली ती तिरकी भुरभुर चालू होती, सायकलचा दिवा बिघडला होता आणि स्वातीने पोहे केले होते. आपला नाचाचा हॉल आमच्या घरापासून सायकलवर सात मिनिटं. मी सोफ्यावर पाय वर घेतले आणि शेवटी थर्मामीटरचं चित्र डकवून मेसेज टाकला, ‘ताई, अंगात ताप आहे, आज जमत नाही.’ तुमचं उत्तर लगेच आलं, ‘काळजी घे. शेवटपर्यंत बघत बसू नकोस, लवकर झोप.’ मला वाटलं, थर्मामीटर बघत बसू नको म्हणताय. त्यानंतर पाचव्या दिवशी तुम्ही गेलात.

तुमच्या पदव्या, तुमचं पाण्यावरचं संशोधन, नव्याने आलेल्या किती पोरांना तुम्ही भाड्याची घरं मिळवून दिलीत, हे सगळं मंडळाच्या शोकसभेत सांगून झालं. मी उठलो नाही. मला जे सांगायचंय ते माइकवर बोलण्यासारखं नाही. ते ऐकून लोकांनी मला हाउसआर्टकडे, म्हणजे इथल्या फॅमिली डॉक्टरकडे पाठवलं असतं, आणि त्या डॉक्टरने नेहमीसारखी पॅरासिटामॉल घ्यायला सांगितली असती. म्हणून तुम्हालाच सांगतो.

आपली ओळखच मुळी माझ्या चुकीतून झाली. चार वर्षांपूर्वी मंडळाच्या गणपतीत, शाळेच्या पार्किंगमध्ये लेझीम चालली होती. सगळे डावीकडे वळले, मी उजवीकडे. थांबावं हे काही सुचलं नाही. एकटाच सायकल स्टँडपर्यंत खेळत गेलो आणि खेळतच परत आलो. स्वाती तोंड लपवून उभी होती. तुम्ही सरळ पुढे आलात.

“नाव काय रे तुझं?”

“मिलिंद.”

“मिलिंद, तुझं चुकतं. पण चुकल्यावर तू थांबत नाहीस. मला असाच माणूस हवाय. गुरुवारी साडेसातला मोकळा आहेस?”

मला वाटलं, नाटक बसवताय. नाटक म्हणजे तालमीला बटाटेवडे. मी हो म्हणून बसलो.

वड्यांच्या जागी काळी कॉफी निघाली आणि माणशी एक बिस्किट. ते घेतलं की डब्याचं झाकण बंद. स्वीडनकडची जुनी गावनृत्यं करणारा तुमचा आठ जणांचा कंपू, आणि त्यात स्वीडनचं एकही माणूस नाही! सगळे डच, सगळे साठीच्या पुढचे, त्यात एक तुम्ही पुण्याच्या. तुमच्या जोडीदाराचे गुडघे गेले होते आणि त्याच्या जागी मी. त्याची लाल बंडी, पिवळी तुमान आणि लोकरी मोजेही मलाच आले. तो सहा फूट चार इंच आणि मी आपला मी. सगळे कपडे तुमच्या ट्रंकेतले, डांबराच्या गोळ्यांच्या वासाचे. घरी घालून दाखवले तेव्हा स्वाती म्हणाली, “लग्नाच्या बँडमधला क्लॅरिनेटवाला पळून आल्यासारखा दिसतोयस.”

पहिल्याच दिवशी तुम्ही मला त्या लाकडी जमिनीवर उभं करून विचारलंत, “आपण कुठे उभे आहोत?”

“हॉलमध्ये.”

“तळ्यात,” तुम्ही म्हणालात. “अख्खं नीउ-व्हेनेप तळ्याच्या तळाशी आहे. पाणी उपसून गाव वसवलंय. आत्ता आपण आहोत ना, तिथे वरून होड्या जायच्या.”

तुम्ही छताकडे बघितलंत, म्हणून मीही बघितलं. ट्यूबलाइट होती. पण त्यानंतर चार वर्षांत वर न बघता मी त्या हॉलमध्ये एकदाही शिरलो नाही.

आपला म्हातारा फिडलवाला योप, निवृत्त सुतार, त्याने त्याच आठवड्यात मला स्वीडनकडच्या पाण्यातल्या वादकाची गोष्ट सांगितली. तिकडच्या जुन्या लोकांची समजूत अशी की प्रत्येक ओढ्यात, तळ्यात एक वादक बसलेला असतो. त्याच्याकडून शिकलेल्याला वाजवणं थांबवता येत नाही, आणि ऐकणाऱ्याला नाचणं. मी लगेच शहाणपणा केला, “मग इथलं तळं उपसलं तेव्हा तो कुठे गेला?” सगळे हसले. तुम्ही हसला नाहीत. “पंप अजून रात्रंदिवस चालू आहेत,” तुम्ही म्हणालात. “म्हणजे पाणी अजून परत यायला बघतंय.” पाण्याची पातळी मोजण्यात तुमचं आयुष्य गेलेलं, त्यामुळे ते मला विज्ञान वाटलं. आता तसं वाटत नाही.

पोल्स्का मला कधीच जमली नाही, हे तुम्ही मोठ्या मनाने कुणाला सांगितलं नाहीत आणि सगळ्यांना दिसत होतं. जोडीने गिरक्या घेत हॉलभर फिरायचं, एवढंच तर आहे. माझा उजवा हात तुमच्या कमरेच्या पट्ट्यावर, तुमचा डावा माझ्या खांद्यावर, आणि दोघांनी एकमेकांपासून मागे झुकायचं. पहिल्यांदा तुम्ही हे सांगितलंत तेव्हा मी पट्टाच सोडला.

“ताई, पडू ना!”

“दोघं झुकलो तर नाही पडणार. एकच झुकला तर पडणार. मधे जे आहे ते धरतं.”

“मधे काय आहे?”

“झुकून बघ.”

झुकलो. तुमच्या उजव्या पायावर पाय दिला, पण पडलो नाही. त्या दिवसापासून दर गुरुवारी मी तुमच्या त्याच पायावर पाय देत आलो. तुमच्या बुटाच्या चवड्याला खळगा पडला होता, माझ्या टाचेच्या मापाचा. तुम्ही तो नव्या लोकांना दाखवायचात, “हे आमच्या मिलिंदरावांचं शिल्प.”

नाचाची दिशाही मला खटकायची. हॉलभोवती फिरायचं ते नेमकं देवळातल्या प्रदक्षिणेच्या उलट. एकदा मी म्हणालो, “ताई, आपल्याकडे उलट्या फेऱ्या फक्त गेलेल्या माणसाभोवती घालतात.” तुम्ही गिरकी न सोडता म्हणालात, “बरंच आहे की. तुला सवय होऊन राहील.” तेव्हा मी मोठ्याने हसलो होतो. ते हसू माझ्या तोंडात आता राखेसारखं लागतं.

आणि आपलं ते भांडण. पोल्स्काच्या तीन मात्रा. योप पाय आपटून पहिली देतो आणि तिसरी देतो. दुसरी देतच नाही. ती तुम्ही द्यायचात, टाचेने. तुमच्या उजव्या टाचेला लोखंडी नाल ठोकलेली होती, टक्. मी म्हणायचो, तुमची टक् उशिरा येते. तुम्ही म्हणायचात, ती उशिरा येत नाही, ती तिथेच असते, तूच लवकर पोचतोस. मी इंजिनियर माणूस, फोनवर रेकॉर्ड करून लॅपटॉपवर आलेख काढला. तुम्ही चष्मा वर करून तो बघितलात. “छान आहे. फ्रीजवर लाव. मात्रा मोजत बसलास तर ती सापडत नाही रे, तिची वाट बघावी लागते. पुढच्या गुरुवारी दाखवते तुला, अंगाला कळेल असं दाखवते.”

पुढच्या गुरुवारी मला ताप होता.

त्या वर्षीचं तुम्हाला आठवत असेलच, माझी नोकरी गेली तेव्हाचं. तीन महिन्यांत नवी मिळाली नाही तर गाशा गुंडाळून परत. घरी फोन आला की मी ‘मजेत’ म्हणायचो आणि बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून बसायचो. लोकांनी खूप सल्ले दिले. तुम्ही एकच वाक्य बोललात, “तीन महिने आहेत ना, मग बारा-तेरा गुरुवार होतात. एकही चुकवू नकोस.” मी चुकवला नाही. आठवड्यात दोन तास कुणीतरी माझं वजन पेलत होतं, ताई, अक्षरशः. मी मागे झुकत होतो आणि पडत नव्हतो. अकराव्या गुरुवारी नोकरी लागली. त्याबद्दल मी तुमचे आभार मानले ते कसे, तर पायावर पाय देऊन.

तुम्हाला निरोप द्यायला अर्ध्या तासाची वेळ मिळाली होती, इथे मिळते तशी. कंपूतल्या हनेकेने तुमच्या पायात तेच बूट घातले होते, नालवाले. खळगा दिसत होता. मग कॉफी आणि केकचा एकेक तुकडा. पुण्याहून तुमची धाकटी बहीण फोनवर होती. मधेच विचारत होती, “अहो, केक का वाटतायत?” तेवढ्यात योप कप घेऊन माझ्याजवळ आला आणि त्याने तुमच्या कंपूचा तो रिवाज सांगितला, जो तुम्ही चार वर्षांत मला सांगितला नव्हता.

कंपूत प्रत्येकाची एक पोल्स्का, म्हणजे नाचाची स्वतःची धून असते. माणूस गेलं की त्याच्या जोडीदाराने ती एकट्याने नाचायची. हात जोडीदार असल्यासारखे धरायचे, तीन फेऱ्या, गिरक्यांसकट. पुऱ्या झाल्या तर धून पुढे वाजत राहते. जोडीदार पडला किंवा थांबला तर तिचा कागद लाकडी पेटीत जातो. पेटीतलं परत कधी वाजवायचं नाही.

“पेटीत किती आहेत?” मी विचारलं.

“पाच.”

“आणि बाहेर राहिलेल्या?”

“एक. त्याची बायको चिमणीएवढी होती. त्याला झुकायची सवयच नव्हती.”

तुमची पोल्स्का योपनेच रचलेली, तुम्ही पहिल्यांदा आलात त्या हिवाळ्यात. कॉफीचे कप विसळताना तुम्ही भूप गुणगुणत होतात, त्यातले चार स्वर त्याने मधल्या भागात घातले. कागदावर वर नाव ‘शरयू’. जगात आणखी कुठे भूपातली पोल्स्का असेल असं मला वाटत नाही. ती त्या पेटीत जायची की नाही, हे आता माझ्या पायांवर होतं. लेझमीत सायकल स्टँडपर्यंत गेलेल्या पायांवर.

आठवडाभर मी घरी सराव केला. हवेला मिठी मारून झुकलो आणि कपडे वाळत घालायच्या स्टँडवर पडलो. दुसऱ्यांदा सोफ्यावर. तिसऱ्यांदा जाणूनबुजून कमी झुकलो, तर गिरकीच येईना. स्वाती दारात उभी राहून बघत होती. म्हणाली, “अरे, समोर कोणी नसताना माणूस झुकेल कसा?” मी म्हणालो, तेच तर. मग ती आत जाताना म्हणाली, “त्या दिवशी गेला असतास तर निदान शेवटचं शिकून तरी आला असतास.” तिला थाप माहीत होती. पोहे तिनेच केले होते ना.

शनिवारी दुपारी तीनची वेळ. धुकं असं होतं की हॉलशेजारचा कालवा दिसत नव्हता, फक्त त्यातलं पाणी कुठेतरी जातंय हे ऐकू येत होतं. मी आत शिरताना वर बघितलं. ट्यूबलाइट लावलेली होती, पण उजेड खालपर्यंत पोचत नव्हता, खोल पाण्यात असतो तसा. बाकीचे भिंतीला लागून उभे. हनेकेने तिचं निकेलहार्पा गळ्यात अडकवलं. ते वाद्य मला पहिल्यापासून जरा भिववतं. गजाने वाजवायचं, पण बोटांखाली हार्मोनियमसारख्या पट्ट्या, आणि खाली सारंगीला असतात तशा तरफेच्या तारा, ज्यांना कुणी हात लावत नाही आणि तरी त्या वाजतात. योपने ती लाकडी पेटी खुर्चीवर आणून ठेवली. झाकण उघडं.

त्याने पहिली मात्रा पायाने दिली. मी हात धरले, उजवा तुमच्या कमरेच्या उंचीला.

पहिली फेरी चालण्याची, ती जमली. दुसऱ्या फेरीला भूपाचा तुकडा आला, तिथून गिरक्या. मी मनात मात्रा मोजत होतो आणि पाय अडखळत होते. योपचा गज किंचित थबकला. तो माझ्याकडे बघतच नव्हता, पेटीकडे बघत होता. मग काय झालं मला, मी बोलायलाच लागलो. मराठीत, मोठ्याने, सगळ्या डच लोकांसमोर, लाल बंडीत. “ताई, मला ताप नव्हता. मी घरी होतो. मी हायलाइट्स बघत होतो, ताई.” बोलता बोलता मोजायचं राहून गेलं. आणि तुम्ही नाही आहात हे विसरून, दर गुरुवारच्या सवयीने, मी मागे झुकलो. अख्खा. चार वर्षांत झुकलो नसेन इतका.

मी डोकं आपटायची वाट बघितली.

टक्.

उशिरा. फार उशिरा, माझ्या आलेखात होती त्याहूनही उशिरा, आणि बरोब्बर तिथे जिथे ती असायला हवी होती. मग पुढची. मग त्याच्या पुढची. माझ्या बुटांना रबराचे तळवे आहेत, ताई. योपचा पाय पहिली आणि तिसरी देत होता, मी बघत होतो. बाकी सगळे भिंतीशी पुतळ्यासारखे. आणि माझ्या उजव्या तळहातात वजन होतं. खरखरीत लोकरीच्या पट्ट्यामागचं, मला ओळखीचं असलेलं वजन, जे बाहेर ओढत होतं आणि पडू देत नव्हतं. डांबराच्या गोळ्यांचा वास आला, पण तो मी पुरावा म्हणून धरत नाही, कारण माझी बंडीही त्याच ट्रंकेतली. वजन मात्र माझ्या बंडीचं नव्हतं.

तिसरी फेरी आठवत नाही. एवढंच आठवतं की मला थांबायचं नव्हतं, आणि त्याच क्षणी योपची ती पाण्यातल्या वादकाची गोष्ट आठवली. मी खाली बघितलं. जमिनीच्या फळ्या काळ्या ओल्या दिसत होत्या. योपने शेवटचा स्वर ओढला. वजन हातातून गेलं, कुणी हात सोडवून घ्यावा तसं, हळूच. मी उभाच होतो.

धून थांबली तरी तरफेच्या तारा गुणगुणत राहिल्या. तेच चार स्वर. हनेकेने त्यांच्यावर तळहात ठेवला. तरीही क्षणभर राहिल्या. मग तिने माझ्याकडे बघितलं आणि पटकन नजर वळवली.

कॉफी झाली. बिस्किटांचा डबा फिरला आणि, ताई, तुम्हाला खोटं वाटेल, पण झाकण उघडंच राहिलं. मी दोन घेतली.

योप फिडल पेटाऱ्यात ठेवत होता. ‘शरयू’चा कागद त्याने वहीत परत लावला आणि रिकाम्या हाताने लाकडी पेटीचं झाकण बंद केलं. मी त्याच्या शेजारी जाऊन बसलो. माझ्या मोडक्या डचमध्ये म्हणालो, “योप, मी तिच्याशी खोटं बोललो होतो. त्या गुरुवारी.”

“माहीत आहे,” तो म्हणाला. “तिने तुझा मेसेज सगळ्यांना दाखवला होता. शेवटी ते चित्र होतं. आम्हाला वाटलं, वल्हं आहे. हनेके म्हणाली, हा आजारी माणूस होडीत काय करतोय? तर तिने सांगितलं की ती तुमच्या खेळाची फळी आहे आणि तू टीव्हीसमोर आहेस. खूप हसली.”

मी फोन काढला. तुमच्याशी झालेला तो शेवटचा मेसेज मी तुम्ही गेल्यापासून उघडला नव्हता. ‘आज जमत नाही’ आणि त्याच्यापुढे, थर्मामीटरच्या चित्राऐवजी, शेजारचंच दाबलं गेलेलं, बॅट आणि बॉल. खाली तुमचं, ‘शेवटपर्यंत बघत बसू नकोस.’

तुम्ही रागावला असतात तर बरं झालं असतं. तुम्ही हसलात, आणि मला त्या हसण्याचं काही देणं फेडायची सोय ठेवली नाहीत.

“मग त्या दिवशी ती बसून राहिली?” मी विचारलं.

“नाचली. एकटी. हात असे धरून.” योपने हवेत हात धरून दाखवले. माझ्या खांद्याच्या उंचीला. “आम्ही नको म्हणालो. ती म्हणाली, तो यायला नेहमीच वेळ लावतो, मी धरून ठेवते. आणि झुकली.”

“पडली?”

“नाही.”

बाहेर धुक्यात कालव्याचं पाणी चाललेलं ऐकू येत होतं. मी माझा उजवा तळवा उघडून बघितला, त्यावर पट्ट्याच्या विणीचे वळ असावेत असं मला फार वाटत होतं. नव्हते.

“आणि मी?” मी विचारलं. “मी का नाही पडलो, योप? तू बघत होतास. तुला काय दिसलं?”

त्याने गजाचा ताण सैल केला, राळेची पूड फडक्याने पुसली, पेटाऱ्याच्या दोन्ही कड्या लावल्या. मग उठला, टोपी घातली आणि दारातून वळून म्हणाला, “चार वर्षांत आज पहिल्यांदा तिच्या पायावर पाय दिला नाहीस.”